चाकूफेक शिकताना: जागेपासून पहिल्या शंभर फेकींपर्यंत

चाकूफेक शिकू पाहणारा बहुतेक माणूस आधी चाकू विकत घेतो, मग समोर दिसेल त्या झाडावर किंवा फळीवर तो फेकून पाहतो, चाकू आपटून खाली पडला की आणखी जोर लावतो, आणि चार दिवसांनी हे आपल्याला जमणारे नाही असे म्हणून सोडून देतो. कराड तालुक्यातील आमच्या मळ्यावर रविवारी सकाळी जी मुले शिकायला येतात त्यांच्यातही हाच क्रम दिसतो, आणि त्यांच्या चुका जवळजवळ सारख्याच असतात. चाकू लाकडात रुतणे हे जोरावर किंवा नेमावर फारसे अवलंबून नसते. ते अवलंबून असते अंतरावर आणि प्रत्येक फेक हुबेहूब आधीच्या फेकीसारखी करण्यावर. त्यासाठी जागा, लक्ष्य, चाकू आणि मग फेक हा क्रम पाळावा लागतो. पुढे जे लिहिले आहे ते त्याच क्रमाने वाचावे आणि करावे.

१. कायदा, वय आणि सोबत

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी न बनवलेली हत्यारे शस्त्र म्हणून धरली आहेत. सरावाच्या चाकूचे पाते या मापांच्या बरेच आत ठेवावे. त्याहून मोठ्या पात्याची सरावाला गरजच नसते. याखेरीज सण, निवडणुका किंवा मोर्चांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी असे काहीही जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकते. म्हणून चाकू कमरेला, दुचाकीच्या डिकीत किंवा दप्तरात कधीही नेऊ नयेत. ते सरावाच्या खासगी जागेतच, कुलुपाच्या पेटीत राहावेत. सराव सुरू करण्यापूर्वी गावच्या पोलीस पाटलांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जागा आणि हेतू सांगून ठेवावा. मी तसे केले आहे आणि त्यामुळे शेजाऱ्यांच्या मनातली शंकाही गेली.

अठरा वर्षांखालील मुलाने मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय चाकू हातात घेऊ नये. एकट्याने सराव करणेही टाळावे, कारण जखम झाली तर हाक ऐकायला कोणीतरी हवे.

२. जागा

सरळ वीस पावले लांब, दहा पावले रुंद आणि चारही बाजूंनी नजरेत राहणारी जागा निवडावी. फेकणारा आणि लक्ष्य यांच्यामधून कोणतीही पायवाट जाता कामा नये. बघणाऱ्यांनी नेहमी फेकणाऱ्याच्या मागे, किमान पाच पावलांवर उभे राहावे. बाजूला किंवा लक्ष्याच्या रेषेत पुढे कोणीही थांबू नये, कारण लाकडावर आडवा आपटलेला चाकू कोणत्याही दिशेला उडतो आणि तीन-चार मीटर मागेही येतो.

आपल्याकडे सर्वांत धोकादायक गैरसमज असा आहे की लक्ष्यामागे ऊस उभा असेल तर चाकू तिथे अडकेल आणि कोणाला लागणार नाही. उसाचे शेत बाहेरून रिकामे दिसते, पण ते रिकामे असेलच असे नाही. पहिल्याच वर्षी माझा एक चाकू ओंडक्याच्या वरून गेला आणि उसात पडला. आत दारे धरणारा गडी वाकून पाणी वळवत होता आणि चाकू त्याच्यापासून दोन हातांवर सरीत जाऊन रुतला. तो काही बोलला नाही, चाकू उचलून त्याने बांधावर आणून ठेवला. त्या दिवसापासून मागे पक्का आडोसा असल्याशिवाय मी एकही चाकू फेकलेला नाही.

आडोसा म्हणून मातीने भरलेल्या पोत्यांची डोक्याच्या वर जाणारी भिंत सर्वांत चांगली. ती शक्य नसेल तर ओंडक्याच्या मागे हातभर अंतरावर जुनी जाड सतरंजी किंवा दुहेरी गोणपाट सैल टांगावे. ते ताणून बांधू नये. सैल कापडच चाकूचा वेग खातो, ताणलेले कापड फाटते. भिंत, पत्रा किंवा दगडी बांध हे आडोसे नव्हेत, कारण त्यांच्यावरून चाकू परत येतो.

खालची जमीनही तपासावी. मुरमाड किंवा दगडी जमिनीवर पडून चाकूचे टोक वाकते आणि चाकू उसळतो. लक्ष्याभोवती दोन मीटरपर्यंत मऊ माती किंवा लाकडाचा भुसा पसरावा. उसाचे पाचट मात्र टाकू नये. ते मऊ दिसते, पण त्यात पडलेला चाकू सापडत नाही आणि पुढे तो बैलाच्या खुरात किंवा अनवाणी पायात निघतो.

*तपासणी:* फेकण्याच्या जागेवर उभे राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि एकदा आडोशाच्या मागे चालत जाऊन पाहावे. ही फेरी प्रत्येक सरावाच्या आधी करावी, फक्त पहिल्या दिवशी नव्हे.

३. लक्ष्याचा ओंडका

चाकू रुतत नाही तेव्हा दहांपैकी सहा वेळा दोष हाताचा नसून लाकडाचा असतो. आपण फळीवर किंवा झाडाच्या खोडावर फेकतो तेव्हा चाकूचे टोक लाकडाच्या रेषांना आडवे लागते आणि त्या रेषा तोडून आत शिरण्याइतका जोर त्यात नसतो. ओंडक्याचा आडवा कापलेला तुकडा, म्हणजे ज्यावर वर्षवलये दिसतात तो चेहरा समोर ठेवला, तर टोक रेषांच्या मधून शिरते आणि हलक्या फेकीनेही चाकू धरतो. जिवंत झाडावर चाकू कधीही फेकू नये. झाडाचे नुकसान तर होतेच, पण गोल खोडावरून चाकू कोठे वळेल याचा भरवसा नसतो.

वखारीत जाऊन आंब्याच्या जाड खोडाचा तुकडा मागावा. आंबा मध्यम मऊ असतो, सहज मिळतो आणि टिकतोही. सावरीचे लाकूड त्याहून मऊ असते. त्यात चाकू सुरेख धरतो, पण महिन्या-दोन महिन्यांत मधोमध खड्डा पडतो. बाभूळ, साग आणि चिंच घेऊ नये. खाटकाच्या दुकानातला चिंचेचा ठोकळा पाहून अनेकांना वाटते की तोच योग्य, कारण तोही आडवा कापलेला असतो आणि वर्षानुवर्षे घाव सोसतो. घाव सोसतो म्हणूनच तो आपल्या कामाचा नाही. सुकलेल्या चिंचेवर पहिल्या दिवशी फेकणाऱ्याचे सगळे चाकू परत येतील.

तुकडा ४० ते ५० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ ते १५ सेंटिमीटर जाडीचा असावा. ओला असताना तो वीस किलोच्या पुढे जातो, तेव्हा उचलताना दोघे असावेत. मध्यभागी मोठी गाठ असलेला तुकडा नाकारावा.

सांगली-मिरजेकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात असा ओंडका काही दिवसांतच केंद्रापासून कडेपर्यंत तडकतो. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, बैलगाडीच्या चाकाला बसवतात तशी लोखंडी धाव लोहाराकडून त्याच्याभोवती चढवून घ्यावी. मात्र ती समोरच्या चेहऱ्यापासून किमान पाच सेंटिमीटर मागे असावी, नाहीतर कडेला गेलेला चाकू लोखंडावर आपटून उडेल. दुसरा उपाय रोजचा आहे: सरावाच्या आदल्या रात्री चेहऱ्यावर ओले गोणपाट टाकून ठेवावे. ओल्या लाकडात चाकू सहज शिरतो आणि सरावानंतर भोके पुन्हा काही प्रमाणात मिटतात. पाटण, जावळीकडच्या पावसाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. तिथे ओंडका उघड्यावर सोडला तर कुजतो, म्हणून त्याला छप्पर द्यावे.

ओंडका दोरीने टांगू नये. टांगलेले लक्ष्य चाकू लागताच मागे हलते, चाकूचा जोर त्यातच जातो आणि तो गळून पडतो. जाड वाशांची भक्कम तिकाटी करून तिच्यावर ओंडका बोल्टने पक्का बसवावा. ओंडक्याचा मध्य फेकणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर यावा आणि वरची कड किंचित पुढे झुकलेली असावी, म्हणजे न रुतलेला चाकू जमिनीकडे वळतो.

शेवटी खडूने ओंडक्यावर रुपयाच्या नाण्याएवढी तीन वर्तुळे काढावीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, त्रिकोणात. सगळे चाकू एकाच बिंदूवर फेकले की दुसरा चाकू पहिल्याच्या मुठीवर आपटतो. माझ्या नडगीवर जो व्रण आहे तो असाच परत आलेल्या चाकूचा आहे.

*तपासणी:* ओंडक्याला दोन्ही हातांनी जोरात धक्का द्यावा. तिकाटी हलली किंवा ओंडका डगमगला तर आज सराव करू नये.

४. चाकू

स्वयंपाकघरातली सुरी, विळा, कोयता किंवा खिशातला घडीचा चाकू यांपैकी काहीही फेकू नये. सुरीचे पाते पातळ आणि कडक असते; आडवे आपटले की मुठीजवळ मोडते आणि तुकडा उडतो. बाजारात तीनच्या संचात मिळणारे अगदी हलके, चकचकीत चाकूही नवशिक्याला उपयोगाचे नाहीत, कारण हातातल्या बारीकशा थरथरीनेही त्यांची फिरकी बदलते.

चाकू २८ ते ३२ सेंटिमीटर लांब आणि २५० ते ३०० ग्रॅम वजनाचा असावा. तो लांब आणि जड असला की सावकाश फिरतो, आणि सावकाश फिरणाऱ्या चाकूला नवशिक्याच्या चुका जास्त सोसतात. आयता चाकू मिळत नसेल तर २५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी साध्या लोखंडाची पट्टी घ्यावी. तिचा ३० सेंटिमीटरचा तुकडा सुमारे २९५ ग्रॅम भरतो आणि शेवटचे पाच सेंटिमीटर दोन्ही बाजूंनी निमुळते केले की २७० ग्रॅमच्या आसपास राहतो. म्हणजे वेगळी मूठ, रिबिट किंवा लाकूड काही लागत नाही. गाडीच्या पाट्याचे लोखंड चांगले असे पुष्कळ जण सांगतात. पण पाणी दिलेला पाटा कडक असतो, आपटला की टवके उडतात. साधे लोखंड वाकते, आणि वाकलेले ऐरणीवर सरळ करता येते.

असे तीन चाकू एकाच पट्टीतून, एकाच मापाचे करून घ्यावेत. एकच चाकू असला की चूक कळत नाही, कारण प्रत्येक फेकीनंतर चालत जाऊन येईपर्यंत आधीची फेक हात विसरलेला असतो. तिन्ही वाण्याच्या काट्यावर तोलून पाहावेत. पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर कानशीने जुळवावा.

चाकूला धार नसावी. रुतण्याचे काम टोक करते, धार फक्त हात कापते. दोन्ही कडा कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गोल कराव्यात. टोकही सुईसारखे ठेवू नये. अगदी शेवटचा एखादा मिलिमीटर गोलसर असावा, नाहीतर ते पहिल्याच दिवशी वाकते. मूठ म्हणून धरायच्या बाजूला लाल किंवा नारिंगी रंगाची पट्टी ओढावी, म्हणजे मातीत पडलेला चाकू दिसतो. तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळू नये. चाकू हातातून सरकत सुटायला हवा आणि चिकटपट्टी त्याला अडवते.

*सावधान:* चाकूफेकीतल्या बहुतेक जखमा उडालेल्या चाकूने होत नाहीत, तर कडेवर उठलेल्या धातूच्या बारीक कुसळांनी होतात. एक चाकू दुसऱ्याला घासला की अशी कुसळे उठतात आणि पुढच्या फेकीत तळवा फाडतात. कापसाचा बोळा चाकूच्या सर्व कडांवरून फिरवावा. एकही तंतू अडकला तर तिथे कानस चालवावी. ही तपासणी दर दहा फेकींनंतर करावी आणि त्यासाठी कानस खिशातच ठेवावी.

पायात पूर्ण बंद, जाड बूट आणि डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा हवा. चप्पल घालून आलेल्याला मी फेकू देत नाही, मग तो कितीही जवळचा असो.

५. आधी उसाचे कांडे

ही पायरी बहुतेक लेखांत सापडणार नाही, पण मला तिचा फार उपयोग झाला आहे. चाकू हातात घेण्यापूर्वी जाड उसाची ३० सेंटिमीटर लांबीची चार-पाच कांडी तोडावीत. असे कांडे लांबीला चाकूएवढे आणि वजनाला साधारण दोनशे ग्रॅम भरते. प्रत्येकाच्या एका टोकाला ओला गेरू लावावा आणि दुसऱ्या टोकाला धरून ते ओंडक्यावर फेकावे. गेरूचा ठसा ओंडक्यावर गोल ठिपक्यासारखा उमटला तर फिरकी बरोबर झाली. लांबट पट्टा उमटला तर कांडे तिरके लागले, आणि ठसाच नसेल तर दुसरे टोक लागले. चुकीची फेक कशी दिसते हे इथे कोणालाही इजा न होता कळते आणि हात सुटण्याची भीतीही मोडते. किमान पन्नास फेकी कांड्याने कराव्यात.

६. उभे राहणे आणि पकड

ओंडक्याच्या चेहऱ्यापासून टेपने बरोबर ३ मीटर मोजावेत आणि तिथे फक्कीने आडवी रेघ मारावी. पावलांनी मोजू नये. थकलेल्या माणसाचे पाऊल आखूड पडते. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या पायाचा अंगठा रेघेला टेकवावा, उजवा पाय खांद्याएवढे अंतर ठेवून मागे घ्यावा. गुडघे किंचित सैल असावेत. दोन्ही पावलांभोवतीही फक्की टाकून ठेवावी, म्हणजे चाकू काढून परत आल्यावर पाय त्याच ठशांत पडतील.

चाकू रंगीत बाजूने, हातोडी धरतात तसा मुठीत धरावा. अंगठा चाकूच्या पाठीवर सरळ ठेवावा. चार बोटांनी किती दाबायचे असे मुले नेहमी विचारतात. खिळा ठोकताना हातोडी हातातून निसटू नये इतपतच आपण ती धरतो, पांढरी पडेपर्यंत बोटे आवळत नाही, इथेही तितकेच. फार आवळलेला चाकू उशिरा सुटतो आणि ओंडक्याच्या खाली जातो, फार सैल धरलेला लवकर सुटतो आणि वरून जातो.

आता मनगट. संपूर्ण फेकीत मनगट जिथे आहे तिथेच राहिले पाहिजे, जणू पुढचा हात आणि चाकू ही एकच काठी आहे. हे का, ते समजून घेणे आवश्यक आहे. चाकू हातात असताना तो हाताबरोबर एका मोठ्या वर्तुळात फिरत असतो आणि सुटल्यावर त्याच गतीने फिरत पुढे जातो. जोर वाढवला तर पुढे जाण्याचा वेग आणि फिरण्याचा वेग दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात, म्हणून एका फिरकीला लागणारे अंतर जवळजवळ तेच राहते. मनगटाने हिसका दिला की मात्र मोठ्या वर्तुळात मनगटाचे छोटे वर्तुळ मिसळते आणि चाकू कमी अंतरात जास्त फिरतो. हिसका प्रत्येक वेळी सारखा देणे कोणालाही जमत नाही, ताठ मनगट प्रत्येक वेळी सारखे ठेवता येते. चाकूफेकीचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

७. फेक

हात कोपरात वाकवून चाकू कानाच्या बाजूला, डोक्यापासून वीतभर दूर, टोक वर आणि किंचित मागे असा न्यावा. वजन मागच्या पायावर घ्यावे. तिथे क्षणभर थांबावे. हा थांबा वगळू नये, कारण त्यामुळेच प्रत्येक फेक एकाच ठिकाणाहून सुरू होते. मग वजन पुढच्या पायावर आणत हात सरळ लक्ष्याकडे न्यावा. हात पूर्ण लांब होऊन लक्ष्याकडे वळतो तेव्हा चाकू आपोआप सरकून निघतो. बोटे उघडायची असा वेगळा विचार करू नये. चाकू सुटल्यावर हात तिथेच न अडवता खाली, विरुद्ध मांडीकडे जाऊ द्यावा. मध्येच थांबवलेला हात चाकूला शेवटच्या क्षणी हिसका देतो.

जोर किती? दहा पावलांवरच्या माणसाकडे आपण चेंडू झेलायला टाकतो तितका. आंब्याच्या ओल्या ओंडक्यात २७० ग्रॅमचा चाकू एवढ्याने नक्की धरतो.

मागच्या हिवाळ्यात आलेला एक मुलगा कुस्तीच्या तालमीतला होता. दंड भरलेले, आणि तिसऱ्या चाकूला ओंडक्याची तिकाटी हलली, पण एकही चाकू रुतला नाही. "काका, जोर कमी पडतोय का?" असे तो मनापासून विचारत होता. त्याला मी म्हटले, "बाळा, निम्मा जोर टाक आणि मनगट बांधून ठेव." खरोखरच त्याच्या मनगटाला गमछा गुंडाळला, इतका की ते वाकेना. पाचव्या फेकीला चाकू रुतला आणि तो किती वेळ तिथेच उभा राहून त्या थरथरणाऱ्या मुठीकडे पाहत होता. हिसक्याची सवय असलेल्यांसाठी हा उपाय अजूनही मी वापरतो.

*तपासणी:* सोबत्याला मागे, तिरक्या बाजूला उभे करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तीन फेकी टिपून घ्याव्यात. चित्रात फक्त मनगट पाहावे. बाकीचे दोष नंतर.

८. अंतर जुळवणे

येथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण ते एकाच वेळी पकड, जोर, अंतर आणि नेम असे चारही बदलतात आणि मग कशामुळे काय झाले ते कळत नाही. या पायरीवर हात अजिबात बदलायचा नाही. फक्त पाय हलवायचे.

तीन चाकू फेकावेत आणि न काढता पाहावेत. मुठीने धरून फेकलेला चाकू ३ मीटरच्या आसपास एक पूर्ण फिरकी घेतो. पण प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी असल्याने नेमके अंतर २.८ पासून ३.५ मीटरपर्यंत कोठेही असू शकते. चाकू रुतला पण मूठ वर उचललेली आणि टोक खाली झुकलेले असेल, तर तो गरजेपेक्षा जास्त फिरला आहे. अर्धे पाऊल पुढे यावे. मूठ खाली लोंबत असेल आणि टोक वर गेलेले असेल, तर फिरकी अपुरी राहिली आहे. अर्धे पाऊल मागे जावे. अर्धे पाऊल म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. चाकू रुतलाच नाही तरी तो ओंडक्याला लागला त्या क्षणी टोक वर होते की खाली, हे सोबत्याला पाहायला सांगावे आणि याच नियमाने हलावे.

प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीन फेकी कराव्यात. एका फेकीवरून निर्णय घेऊ नये. तिन्ही चाकू एकाच बाजूला झुकलेले असतील तरच पाय हलवावा. एक वर, एक खाली, एक आडवा असे असेल तर अंतर बदलून उपयोग नाही. तेव्हा दोष हातात आहे आणि सहाव्या पायरीवर परत गेले पाहिजे.

चाकूची मागची बाजूच सरळ ओंडक्यावर आपटत असेल तर फरक अर्ध्या फिरकीचा आहे. तीन मीटरवर तसे होण्याचे कारण जवळजवळ नेहमी मनगटाचा हिसका असते. अशा वेळी दीड मीटर हलून चाकू रुतवता येतो, पण ती चूक पक्की करण्यासारखे होईल. चाकू डावीकडे किंवा उजवीकडे कलून रुतत असेल तर फेकताना तळवा वळत आहे. हात खाली येताना अंगठा लक्ष्याच्या रेषेत आहे का ते पाहावे.

तिन्ही चाकू आडवे, जमिनीला समांतर किंवा मूठ किंचित खाली असे रुतू लागले की तेथे फक्कीची नवी रेघ मारावी, टेपने अंतर मोजावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. हे आपले अंतर. पुढच्या सरावाला रेघ पुसलेली असेल, आकडा मात्र राहील.

नेमाचा विचार या आधी करू नये. ओंडक्यावर कोठेही रुतला तरी चालेल. तीसपैकी चोवीस चाकू रुतू लागल्यावरच खडूच्या वर्तुळांकडे पाहावे.

९. चाकू काढणे

हातातले तिन्ही चाकू फेकून झाल्याशिवाय कोणीही रेघ ओलांडू नये. दोघे सराव करत असतील तर दोघांचेही चाकू संपल्यावर एकाने मोठ्याने "थांबा" म्हणावे आणि मगच दोघांनी एकत्र चालावे.

एक हात ओंडक्यावर टेकवून दुसऱ्या हाताने चाकू मुठीजवळ धरावा आणि वर-खाली किंचित हलवत सरळ मागे ओढावा. चेहरा बाजूला ठेवावा. घट्ट रुतलेला चाकू अचानक सुटतो आणि ओढणाऱ्याचे कोपर मागे उभ्या असलेल्याला लागते, म्हणून मागे कोणी नसावे. बाजूला वाकवून काढू नये, चाकू वाकतो. आधी रुतलेले काढावेत, मग जमिनीवरचे उचलावेत. ओंडक्याखाली वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर वर रुतलेला चाकू सुटून पडू शकतो.

परत येताना चाकू एका हातात, टोके खाली करून, चालत आणावेत. पळू नये आणि सोबत्याकडे चाकू हवेतून टाकू नये. रेघेवर येऊन तीन मोजावेत. दोनच असतील तर तिसरा सापडेपर्यंत पुढची फेक नाही.

*जखम झाल्यास:* स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून धरावी आणि तो हात किंवा पाय उंच ठेवावा. चाकू शरीरात रुतलेला असेल तर तो ओढून काढू नये. आहे तसा स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मातीत पडलेल्या लोखंडाची जखम लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

१०. सरावाची मात्रा आणि पुढची अंतरे

एका बैठकीत साठ फेकींपेक्षा जास्त करू नयेत. खांदा थकला की हात कमी उंचीवरून सुटतो आणि शेवटच्या वीस फेकींत शिकलेली चूक पुढच्या आठवड्यात घेऊन यावी लागते. आठवड्यातून एकदा तीन तास फेकण्यापेक्षा तीन वेळा अर्धा-अर्धा तास फेकणे कितीतरी चांगले. जोराचा वारा असेल किंवा संध्याकाळी टोक स्पष्ट दिसेनासे झाले असेल तर थांबावे.

तीन मीटरवर हात बसला, म्हणजे सलग तीन बैठकींत तीसपैकी चोवीस चाकू रुतले, की दोन वाटा खुल्या होतात. एक म्हणजे अर्धी फिरकी: चाकू उलटा करून, टोकाकडून अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचा आणि सुमारे दोन मीटरवरून फेकायचा. इथे अंतर कमी असल्याने परत येणारा चाकू लवकर पोहोचतो. तेव्हा ओंडका नीट ओला आहे आणि चष्मा डोळ्यांवर आहे याची खात्री करावी. दुसरी वाट म्हणजे दोन फिरक्या, मुठीनेच धरून, साधारण पाच ते सहा मीटरवरून. हात तोच, जोर जवळजवळ तोच, फक्त नेम किंचित वर. मी दुसरी वाट आधी घ्यायला सांगतो, कारण तीन मीटरवर लपून राहिलेला मनगटाचा हिसका पाच मीटरवर लपत नाही.

दोन्हींपैकी कोणत्याही अंतरावर पुन्हा आठव्या पायरीचाच नियम लावावा: मूठ वर तर पुढे, मूठ खाली तर मागे, आणि तीन फेकींशिवाय बदल नाही.

११. आवरताना

चाकूंवरची माती फडक्याने पुसावी, कापसाने कडा तपासाव्यात, वाकलेले टोक ऐरणीवर हलक्या हाताने सरळ करावे आणि कानशीने पुन्हा गोल करावे. ऐरणीवर ठोकताना एखाद्या चाकूला बारीक तडा दिसला तर तो चाकू भंगारात द्यावा, जोडून वापरू नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक वेळी तेलाचे बोट फिरवून ठेवावे. मात्र पुढच्या सरावाआधी ते तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे, कारण तेलकट मूठ हातातून लवकर निसटते. ओंडक्यावर ओले गोणपाट टाकावे, तिन्ही चाकू मोजून पेटीत ठेवावेत, कुलूप लावावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगावी.